‘स्ट्राँग’ टायपिंग म्हणजे नेमकं काय स्ट्राँग?

२०२३ साली जावास्क्रिप्टच्या जगात काही महिन्यांच्या अंतराने दोन बातम्या आल्या आणि लोकांनी दोन्हींना एकच मथळा दिला: ‘टाइपस्क्रिप्ट सोडलं’. टाइप म्हणजे एखादी वस्तू संख्या आहे, मजकूर आहे की आणखी काही, याची नोंद; टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप लिहून ते चालवण्याआधी तपासून घेता येतील अशी जावास्क्रिप्ट. पहिली स्वेल्ट या फ्रेमवर्कची, दुसरी रेल्स या वेब-फ्रेमवर्कवाल्यांच्या टर्बो या लायब्ररीची. टाइपस्क्रिप्टच्या चाहत्यांनी दोन्ही वेळा डोक्याला हात लावला, विरोधकांनी दोन्ही वेळा पेढे वाटले. प्रत्यक्षात टर्बोने काय केलं? रेल्सचा जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन याने त्या कोडमधले टाइप काढून टाकले, त्याबरोबर त्यांची तपासणीही गेली. टाइपची कसरत आपल्याला नकोच आहे, हे त्याने लपवलंही नाही. आणि स्वेल्टने? त्यांनी टाइपस्क्रिप्टच्या फाइली साध्या जावास्क्रिप्टच्या केल्या, टाइप कॉमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना दुर्लक्षित होणाऱ्या टिपांमध्ये, लिहिले, आणि टाइपस्क्रिप्टचाच चेकर त्या कॉमेंट वाचून तपासणी करत राहिला. एकाने तपासणी सोडली, दुसऱ्याने फक्त लिहिण्याची जागा बदलली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगायला आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. ते वापरायची सवय नव्हती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘स्ट्राँगली टाइप्ड’ आणि ‘वीकली टाइप्ड’ हे शब्द तांत्रिक चर्चेतून सरळ बाद करावेत. ‘स्टॅटिक’ आणि ‘डायनॅमिक’ ठेवावेत, पण तपासणी कधी होते एवढ्याच अर्थाने. भाषा किती सुरक्षित आहे, ती न विचारता एका टाइपची दुसऱ्यात किती रूपांतरं करते, प्रोग्रामरला किती टाइप लिहावे लागतात, हे निराळे प्रश्न आहेत आणि ते निराळेच विचारले पाहिजेत.

पुण्यात कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मुलांना हे उत्तर तोंडपाठ असतं: जावा ‘स्ट्राँगली टाइप्ड’, जावास्क्रिप्ट ‘लूजली टाइप्ड’. पुरावाही पाठ असतो. जावास्क्रिप्टमध्ये "५" या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, २ मिळवले की मुकाट "५२" मिळतं. आता हीच ओळ जावात लिहून बघा. कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासून त्याचं भाषांतर करणारा प्रोग्राम, हूं की चूं करत नाही आणि उत्तर "५२"च येतं. पायथनला दिली तर तो मात्र टाइपएरर, म्हणजे टाइप जुळत नसल्याची तक्रार, फेकतो. म्हणजे ज्या कसोटीवर जावास्क्रिप्टला ढिलं ठरवलं, तिच्यावर जावाही ढिलाच. आणि व्हेरिएबलचा टाइप लिहावा लागत नाही म्हणून ज्याला ढिल्यांच्या रांगेत बसवतात तो पायथन कडक. बरं, पायथनला तरी कडक म्हणावं का? ‘ट्रू’मध्ये १ मिळवा, बिनतक्रार २ देतो. "५"ला २ने गुणा, "५५" देतो. सी या भाषेचं तर विचारूच नका. तिथे प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप लिहावा लागतो म्हणून काही नोट्समध्ये ती स्ट्राँग, आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कास्ट करून, म्हणजे त्याचा टाइप बळेच बदलून, कुठल्याही बाइटना काहीही म्हणता येतं म्हणून दुसऱ्या नोट्समध्ये वीक. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने कुठल्या नोट्स वाचल्या आहेत, यावर मार्क ठरतात.

शब्द मुळात असा नव्हता. १९७४ साली संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट डेटा टाइपवरच्या आपल्या निबंधात त्याला नेमका अर्थ दिला होता: एका फंक्शनने दुसऱ्याला एखादी वस्तू दिली, तर तिचा टाइप दुसऱ्याने जाहीर केलेल्या टाइपशी जुळलाच पाहिजे. त्यावर पुढच्या पन्नास वर्षांत थर चढत गेले. आज ‘स्ट्राँग’ म्हणजे कुणासाठी ‘चालवण्याआधी तपासते’, कुणासाठी ‘आपोआप रूपांतर करत नाही’, कुणासाठी ‘मेमरीत भलतीकडे शिरू देत नाही’, कुणासाठी ‘भरपूर टाइप लिहायला लावते’. आणि बऱ्याच जणांसाठी नुसतंच ‘मला आवडते’. हा शेवटचा अर्थच सर्वाधिक चलनात असावा असा माझा संशय आहे, कारण आपल्या लाडक्या भाषेला आपणहून ‘वीक’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

न्यायदर्शनात अशा गोंधळाला वाक्छल म्हणतात. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. एक जण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. त्याला म्हणायचं असतं, याच्याकडे नवं कांबळं आहे. प्रतिवादी विचारतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय. तिथला प्रतिवादी हे मुद्दाम करतो. आपल्या वादात दोघंही प्रामाणिक असतात, म्हणून तो मिटायला जास्त अवघड. एक म्हणतो, डायनॅमिक भाषेत टाइपच्या चुका थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असताना, उगवतात. दुसरा उसळतो, काहीतरीच काय, पायथन स्ट्राँगली टाइप्ड आहे. दुसऱ्याचं वाक्य त्याच्या अर्थाने खरं आहे, पण ते पहिल्याला उत्तर नाही. पहिला वेळेबद्दल बोलतोय, दुसरा रूपांतराबद्दल.

वेळेचा प्रश्न सगळ्यात सोपा. स्टॅटिक तपासणी म्हणजे स्टेशनच्या दारातच तिकीट बघणं, डायनॅमिक म्हणजे धावत्या गाडीत टीसीने गाठणं. पण कुणीच गाठलं नाही तर काय होतं, हा तिसराच प्रश्न आहे आणि खरं नुकसान तिथे होतं. संगणकशास्त्रज्ञ ल्युका कार्डेली यांनी १९९०च्या दशकात या दोन तऱ्हांच्या चुका अगदी स्वच्छ वेगळ्या केल्या होत्या: काही चुका झाल्या की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो, काही झाल्या तरी तो काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालत राहतो. दुसरी जात शिल्लक राहू न देणारी भाषा सुरक्षित. या व्याख्येत ‘कधी तपासता’ हा मुद्दा येतच नाही. एप्रिल २०१४मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष आठवा. तो ज्यात होता ते ओपनएसएसएल (इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणारं सॉफ्टवेअर) सीमध्ये लिहिलेलं, सगळे टाइप कंपायलरने आधीच तपासलेले. लांबी म्हणून आलेली संख्या ही संख्याच होती, पॉइंटर हा पॉइंटरच होता. फक्त पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी खोटी होती, आणि सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवून शेजारच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परत पाठवत होता. पायथनमध्ये लिस्टच्या बाहेरचा घटक मागितला की तिथल्या तिथे एरर येते. तेव्हा सी स्टॅटिक पण असुरक्षित, पायथन डायनॅमिक पण सुरक्षित. ‘स्ट्राँग ते वीक’ अशी एकच रेघ ओढून या दोघींना तिच्यावर कुठे बसवणार?

रूपांतराचा प्रश्नही असाच स्वतंत्र. पीएचपीमध्ये २०२०च्या आठव्या आवृत्तीपर्यंत ० आणि "एबीसी" हे == या तुलनेच्या चिन्हाने समान ठरत. आठव्या आवृत्तीने हे बदललं, पण भाषा डायनॅमिकच राहिली. आणि आपोआप रूपांतराचा सगळ्यात नामी नमुना तर प्रोग्रामिंग भाषेतला नाहीच, एक्सेलमधला आहे. सेप्ट१, मार्च१ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजायचं. शेवटी २०२०मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरच्या आगाऊपणापुढे जीवशास्त्राला माघार घ्यावी लागली!

आता लिहिण्याचा प्रश्न. जावाच्या मोठमोठ्या घोषणा बघून एक अख्खी पिढी अशी समजूत करून बसली की स्टॅटिक म्हणजे टायपिंगची हमाली. पण रॉबिन मिल्नर यांच्या एमएल या भाषेत १९७०च्या दशकातच कंपायलर टाइप स्वतः ओळखत होता. शंभर ओळींच्या प्रोग्राममध्ये एकही टाइप लिहिला नाही तरी एकूण एक ओळ तपासून निघायची. जावात २०१८ साली ‘व्हार’ हा, टाइप न लिहिता व्हेरिएबल जाहीर करण्याचा शब्द आला तेव्हा ‘जावाही आता जावास्क्रिप्ट होणार’ असा सूर निघाला. त्याआधी दहाएक वर्षं हाच सूर सी शार्पच्या ‘व्हार’वरून निघाला होता. दोन्ही भाषांतली तपासणी तसूभरही ढिली झालेली नव्हती. उलट पायथनच्या ३.५ आवृत्तीने २०१५मध्ये टाइप लिहायची सोय दिली; मात्र फंक्शनला पूर्णांक हवा असं लिहून त्याला स्ट्रिंग दिली, तर पायथन ती निमूट घेतो. लिहिलेलं तपासायला मायपायसारखं वेगळं साधन चालवावं लागतं. म्हणजे एकीकडे काहीच लिहिलेलं नाही आणि सगळं तपासलेलं. दुसरीकडे सगळं लिहिलेलं आणि काहीच तपासलेलं नाही. लिहिणं आणि तपासणं यांचा संबंध लागतो तो केवळ सवयीने.

शब्दांची वाटणी केल्याने खरंच काही हाती लागतं का? भौतिकशास्त्रात लागलं. देकार्तच्या अनुयायांचं म्हणणं होतं की गतिमान वस्तूचा जोर वस्तुमान गुणिले वेग इतका. लाइबनिझने १६८६मध्ये म्हटलं, नाही, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दोन्ही बाजूंना मोठी माणसं, प्रयोगही दोन्ही बाजूंना. हॉलंडमध्ये ग्रावेसांड यांनी पितळेचे गोळे मऊ मातीत पाडून दाखवलं की वेग दुप्पट झाला तर खड्डा चौपट होतो. तरी वाद संपेना, कारण टक्करींचे काही हिशेब पहिल्या सूत्रानेच बरोबर यायचे. १७४३मध्ये दालांबेर म्हणाला, हे सगळं शब्दांचं भांडण आहे. तो अर्धाच बरोबर होता. भांडण एका शब्दावरून होतं हे खरं, पण त्या शब्दाखाली दोन खऱ्याखुऱ्या राशी दडलेल्या होत्या, ज्यांना आज आपण संवेग आणि गतिज ऊर्जा म्हणतो. ‘हा नुसता शब्दांचा खेळ आहे’ म्हणून विषय झटकून टाकला असता तर दोन्ही हातच्या गेल्या असत्या.

विरोधी बाजूच्या ज्या मुद्द्यात दम आहे तो असा: शब्द व्याख्येवर जगत नाहीत, वापरावर जगतात. दोन अनुभवी प्रोग्रामर चहाच्या टपरीवर ‘पायथन तसा स्ट्राँग आहे’ म्हणतात तेव्हा त्यांना एकमेकांचं कळतं. उगाच काथ्याकूट कशाला? हे मला मान्य आहे. टपरीवर कळतंच. अडचण होते ती तोच शब्द मोजमापाच्या तक्त्यात जाऊन बसतो तेव्हा. २०१४ साली गिटहब या कोडच्या सार्वजनिक साठ्यावरच्या ७२९ प्रकल्पांचा आणि १७ भाषांचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, कुठल्या प्रकारच्या भाषांमध्ये बग (चुका) जास्त हे शोधणारा. त्यात भाषांची एक विभागणी ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ अशी होती, आणि सी व जावास्क्रिप्ट दोन्ही ‘वीक’च्या खान्यात होत्या. एका भाषेत कास्ट करून मेमरीचा हवा तो अर्थ लावता येतो, दुसरीत आकडा आपोआप स्ट्रिंग होतो. या दोन दोषांचा एकमेकांशी काय संबंध? त्या खान्याची सरासरी काढून कळणार काय? २०१९मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच अभ्यास पुन्हा करून पाहिला तेव्हा आणखी घोळ निघाले. टाइपस्क्रिप्टच्या म्हणून मोजलेल्या बऱ्याच फाइली प्रत्यक्षात सॉफ्टवेअरच्या मजकुराच्या भाषांतराच्या होत्या, कारण दोन्हींचं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा) एकच. मूळ अभ्यासात ११ भाषांचा बगांशी संबंध दिसला होता, तो चारांवर आला, आणि त्या चारांतलाही परिणाम अगदी किरकोळ निघाला. एव्हाना मूळ निष्कर्ष ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणून कित्येक भांडणांत वापरून झाले होते.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. हे प्रश्न तत्त्वतः वेगळे असतील, पण बाजारात ते एकत्र बांधूनच मिळतात. जावा घेतली की आधी होणारी तपासणी, लिहिण्याचा भार आणि मेमरीची सुरक्षितता हे सगळं एकदम येतं. टीमलीडला गठ्ठा निवडायचा असतो, एकेक गुण नव्हे. २००५ साली मी हा युक्तिवाद जवळजवळ जसाच्या तसा मान्य केला असता. पण गठ्ठे सुटायला लागून आता बराच काळ झाला. जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी २००६मध्ये ग्रॅज्युअल टायपिंगची मांडणी केली: एकाच प्रोग्रामचा काही भाग आधी तपासलेला, काही चालताना. टाइपस्क्रिप्ट २०१२ची. एलिक्सिर या डायनॅमिक भाषेने २०२४मध्ये, प्रोग्रामरला एकही टाइप लिहायला न लावता, चालवण्याआधीच टाइपच्या चुकांचे इशारे द्यायला सुरुवात केली. आणि एर्लांग या भाषेचं डायलायझर हे तपासणीचं साधन तर नेहमीचा हिशेबच उलटा करतं. एमएलचा कंपायलर ‘बरोबर आहे हे सिद्ध झालं तरच’ प्रोग्राम स्वीकारतो. डायलायझर ‘चुकणारच अशी खात्री असेल तरच’ तक्रार करतं. दोन्ही तपासण्या प्रोग्राम चालवण्याआधीच्या, म्हणजे दोन्ही स्टॅटिक. पण पहिल्याच्या मौनाचा अर्थ ‘ठीक आहे’ असा, दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ ‘माहीत नाही’ असा. आज टीमलीडला ज्यातून निवड करायची आहे ते हे आहे, आणि त्याच्यापुढे ‘स्ट्राँग घेऊ की वीक’ हा प्रश्न ठेवणं म्हणजे त्याची दिशाभूल आहे.

तिसरा आक्षेप अगदी दुसऱ्या टोकाकडून, शुद्धतावाद्यांकडून येतो. त्यांच्या मते ‘डायनॅमिक टायपिंग’ हा शब्दच चुकीचा. टाइप हा प्रोग्रामच्या मजकुराचा गुण आहे, चालताना वस्तूवर चिकटवलेल्या खुणेचा नव्हे. पायथनमध्ये टाइप अनेक नाहीत, एकच आहे, बाकी सगळे त्याचे प्रकार. ही परंपरा भारदस्त आहे: रसेलने १९०८मध्ये विरोधाभासांतून वाट काढायला मांडलेला टाइपचा सिद्धान्त, चर्चचं १९४०चं टाइप असलेलं लॅम्डा कॅल्क्युलस. तर्कशास्त्राच्या वर्गात मी हे निमूट ऐकून घेईन. पण अल्गॉल ६० या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या अहवालातही ‘टाइप’ होते, पूर्णांक, वास्तव संख्या आणि बुलियन, आणि तिथून या शब्दाने प्रोग्रामरच्या कामाच्या जगात आपला संसार मांडला. साठ वर्षांनंतर त्याला घराबाहेर काढून काय मिळणार? पायथन वापरणाऱ्याला ‘तुझ्याकडे टाइपच नाहीत’ म्हटलं की तो टाइपएररचा मेसेज समोर धरतो आणि चर्चा तिथेच खुंटते.

मात्र स्टॅटिकच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही ही शिस्त पाळावी लागेल, आणि त्यांना ती जास्त बोचेल. ‘टाइप तपासलेला प्रोग्राम चुकीच्या वाटेला जाऊ शकत नाही’ हे मिल्नरचं १९७८चं विधान एका विशिष्ट भाषेबद्दल, ‘चुकीची वाट’ म्हणजे काय याची गणिती व्याख्या देऊन, सिद्ध केलेलं होतं. ते सगळ्या स्टॅटिक भाषांना लावता येत नाही. टाइपस्क्रिप्टच्या कर्त्यांनी आपल्या उद्दिष्टांतच लिहून ठेवलंय की अशी सिद्धता देणं हे त्यांचं ध्येय नाही. जावात स्ट्रिंगचा अ‍ॅरे ‘ऑब्जेक्टचा अ‍ॅरे’ म्हणून पुढे देता येतो, त्यात पूर्णांक ठेवणारी ओळ कंपायलर पास करतो आणि चालताना ती अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन देते. म्हणजे स्टॅटिक भाषेच्या पोटात एक डायनॅमिक तपासणी, आणि ती आहे म्हणूनच निभावतं.

एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं, फसलेलं उड्डाण, ४ जून १९९६, हे उदाहरण दोन्ही छावण्या आपापल्या भात्यात ठेवतात. कोड एडा या भाषेत लिहिलेला, म्हणजे ज्या भाषेला सगळेच ‘स्ट्राँग’ म्हणतात तिच्यात. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना मावली नाही. रूपांतर आपोआप झालेलं नव्हतं, ते कोडमध्ये उघडपणे लिहिलेलं होतं. एडाची चालतानाची तपासणी चोख चालली, तिने एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, दिलं. पण धोका असलेल्या सात व्हेरिएबलपैकी तीन, प्रोसेसरवरचा भार आटोक्यात ठेवण्यासाठी, मुद्दाम विनासंरक्षण सोडलेली होती, कारण एरियन ४मध्ये ती कधी एवढी मोठी होऊच शकत नव्हती. एक्सेप्शन आलं म्हणजे यंत्रच बिघडलं असं गृहीत धरून रॉकेटची दिशा-स्थिती मोजणारं युनिट बंद पडलं. जोडीचं राखीव युनिट त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडलेलं होतं. यात स्टॅटिक हरलं की डायनॅमिक? तपासणी होती, वेळेवर झाली, आणि तिच्या उत्तराचं काय करायचं हे चुकलं होतं.

प्रश्न नीट विचारला तर उत्तर कसं येतं याचा एक नमुना २०१७चा आहे. संशोधकांनी गिटहबवरचे जावास्क्रिप्टचे ४०० दुरुस्त झालेले बग घेतले, दुरुस्तीच्या आधीच्या कोडमध्ये स्वतः टाइप लिहिले, आणि पाहिलं की फ्लो (जावास्क्रिप्टचे टाइप तपासणारं दुसरं साधन) किंवा टाइपस्क्रिप्टने तो बग पकडला असता का. दोन्हींचं उत्तर सुमारे १५ टक्के आलं. ‘कोणती तपासणी’ हे ठरलेलं, ‘कधी’ ठरलेलं, कोण लिहिणार हेही ठरलेलं. एक बग पकडायला किती लिहावं लागलं आणि किती वेळ गेला, हेसुद्धा त्यांनी मोजलं. हे बग सार्वजनिक कोडपर्यंत पोचलेले होते, त्यामुळे लिहितानाच पकडल्या जाणाऱ्या चुका या आकड्यात नाहीत, आणि एमएल किंवा हॅस्केलबद्दल तो काहीच सांगत नाही. जे बग हाती लागले नसते, त्यांतला सगळ्यात मोठा गट होता तो प्रोग्रामने काय करायला हवं हेच चुकीचं समजल्याचा.